तीन गाठींचं मूळ

३ जून

ताई,

वाकून नमस्कार. अगदी खरोखर वाकून, कारण मी राहतोय त्या माळ्यावर ताठ उभं राहिलं की टाळकं तुळईला लागतं. दोनदा लागलंय, तिसऱ्यांदा लागेल तेव्हा शहाणा होईन.

पाकिटावरचा शिक्का बघून तू कपाळावर हात मारला असशीलच. हो, मी बंदरावर पोचलो नाही. बोटी रंगवायचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं असेल, त्याचं भलं होवो. झालं असं की बस मध्येच बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, जरा पाय मोकळे करा. मी केले. बाकीच्यांचे लवकर मोकळे झाले असावेत, कारण मी परत आलो तर बस गेलेली. पिशवी माझ्या खांद्यावर होती म्हणून बरं. छत्री तेवढी बंदराला पोचली.

मला उशीर झाला तो एका फुलामुळे. रस्त्याकडेला बेकरी, बेकरीमागे दलदल, आणि त्या दलदलीत निळी फुलं. निळी म्हणजे ओल्या कागदावर शाईचा थेंब पडून पसरतो तशी. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि लोंबत्या पाकळीवर कुणी पिवळ्या रंगाचं बोट ओढावं अशी रेघ. पानं तलवारीसारखी. मी एक खुडायला वाकलो तर चिखलातून आवाज आला, "फूल राहू दे. फुलाखालचं माझं आहे." बघतो तर गुडघाभर पाण्यात एक बाई, हातात कुदळ. मी म्हटलं, फुलाखाली काय असतं? ती म्हणाली, "उभाच आहेस तर पोतं धर, मग सांगते." ते पोतं धरलं ते अजून सोडलेलं नाही.

या बेकरीवाल्या काकू. काका खाली पाव भाजतात, मी पिठाची पोती वाहतो, ट्रे धुतो आणि पडेल ते करतो. माझ्या खोलीच्या, म्हणजे माळ्याच्या, अगदी खाली भट्टी आहे. थंडीत स्वर्ग असेल, आत्ता मात्र मीच टोस्ट होतोय. आणि या माळ्यावर माझ्याबरोबर कोण राहतं ते सांगतो: दोऱ्यात ओवलेली मुळं. त्या निळ्या फुलांची. सोललेली, पांढरट, बोटाएवढी, आल्याच्या लांबच्या नातेवाइकांसारखी.

गावात या झाडाला तलवारी म्हणतात. इथल्या शाळेच्या बाई पाव घ्यायला येतात, त्या म्हणाल्या की हे रानटी आयरिस, बागेतल्या दिमाखदार आयरिसची खेड्यातली बहीण. लोक पाव मागतात आणि मग आवाज उतरवून मूळ मागतात. काल एक गवंडी आला, अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. त्याला काकूंनी ओलं मूळ ठेचून वरून बांधायला दिलं आणि दोनदा बजावलं की तोंडाजवळ न्यायचं नाही. एकाला सर्दी, त्याला वाळक्या मुळाची चिमूटभर पूड हुंगायला. काका शेजारीच बसून तपकीर ओढतात आणि म्हणतात, माझी पूड चांगली. परवा एकजण तापाचं पोर घेऊन आला तर काकूंनी त्याला दारातूनच परतवलं. तापाला तलवारी नाही, म्हणाल्या, तापाला दवाखाना.

आणि सगळ्यात जुना उपयोग म्हणजे बाळांना दात येताना चावायला. का, कसं, कधीपासून, हे सगळं विचारायचंय. विचारायला सुरुवात केली की काकू पोतं धरायला लावतात.

पत्र नेणारे टपालमामा खाली पाव खात थांबलेत, म्हणून आवरतो. मोठा तत्त्वाचा माणूस. पोस्टकार्ड असलं तर मजकूर खाली करून धरतो, चुकूनसुद्धा नजर पडू नये म्हणून.

तुझा भिंगऱ्या

---

१४ जून

भिंगऱ्यास अनेक आशीर्वाद,

पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला एका जागी बसवणारं फूल निघालं म्हणायचं. आम्ही इतकी वर्षं माणसं शोधत होतो.

छापखाना सोडलास कारण शाईचा वास, मेंढ्यांमागे गेलास आणि परत आलास कारण मेंढ्या बोलत नाहीत, दीपगृहात तर तू दिवा लावायच्या आधीच उतरलास. तेव्हा मी फार आशा धरत नाही. तरी तुझ्या पत्रात "विचारायचंय" हा शब्द वाचला आणि बरं वाटलं. प्रश्न संपेपर्यंत तरी राहशील.

हे तू म्हणतोस ते मूळ म्हणजे आपलं वेखंडच ना? आई उगाळायची ते? पानं तलवारीसारखी असतात त्याचीही.

इकडचं सांगते. तुझ्या भाचीला दात येतायत. एका वेळी सगळेच यायचे ठरलेत असं वाटतं. माझी मापाची पट्टी चावून झाली, तुझ्या भावोजींची चप्पल चावून झाली, काल सासूबाईंचं बोट. सासूबाईंना स्वतःचे दात पुढचे चारच राहिलेत, त्या म्हणाल्या, ही माझे घेऊन जन्माला आलीय. हसून हसून पुरेवाट झाली, पण चिमणी रडायची काही थांबली नाही. शिलाई मशीनच्या आवाजाने जरा शांत होते, म्हणून मी काही शिवायचं नसतानाही पायडल मारत बसते. शेजारीण म्हणते, तुमचा धंदा जोरात दिसतोय.

दवाखान्यातल्या बाईंनी ओला गार फडका चावायला द्यायला सांगितलंय. तो देतेय. तुझ्या काकूंना विचारून तर बघ, बाळाला ते मूळ नेमकं कसं देतात. द्यायचं म्हणून नाही. माहीत असावं म्हणून.

आणि अंथरुणाला ऊन दाखव. तुला मी ओळखते.

तुझी ताई

---

९ जुलै

ताई,

वेखंड नाही. मीही तेच विचारलं तर काकूंनी एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. वेखंडाच्या पानाला वास असतो, याला नुसता गवताचा. तुझ्याच वयाच्या चार बायका म्हणे दरवर्षी फसतात. "तुझ्याच वयाच्या" हे माझं, त्या "तरण्या" म्हणाल्या होत्या.

आता ऐक, खरी गंमत. ओलं मूळ जिभेला लावलं तर आग होते, तोंड सोलून निघतं, पोटात गेलं तर उलट्या. आणि वासाला काही नाही, बटाट्यासारखं. तेच मूळ सोलून टांगून ठेवलं की हळूहळू त्यातली आग जाते आणि कुठूनसा सुगंध येतो, फुलांचा. त्या निळ्या फुलाला स्वतःला मात्र वास नाही बरं का. म्हणजे फुलाचा वास मुळात लपलेला, आणि तोही मूळ मेल्यावर निघतो. यावर मी रात्रभर विचार केला. मग झोप लागली.

हे व्हायला तीन उन्हाळे लागतात. काका म्हणाले, त्यांच्या सासूने शेवटची मुळं काढली आणि ती गेली. ती पिकली तेव्हा काकूंनी वाटली. आपण काढतो ते पुढच्या पोरांसाठी आणि देतो ते मागच्यांनी काढलेलं. असा उलटा धंदा मी अजून पाहिला नव्हता.

काकू सध्या लेकीकडे गेल्यात. जाताना म्हणाल्या, ऊन पडलं की मुळांच्या माळा खाली आणून वाळत घाल. घातल्या. पण ताई, काय ती अवस्था. दोरे मळलेले, आणि टोकांना गाठीच गाठी, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, जशी काही लहान मुलाने शिवण केलीय. मी तुझ्या घरात वाढलेला माणूस. लोंबता धागा दिसला की तू कात्री उचलायचीस आणि मला बटणं निवडायला बसवायचीस, मोठी वेगळी, बारकी वेगळी. माझ्याच्याने बघवेना. काकांकडून, कशाला ते न सांगता, नवा पांढरा दोरा घेतला, गोणपाटाची सुई घेतली आणि सगळ्या माळा नव्याने ओवल्या. खिडकीजवळची पहिली होती ती बसल्या बसल्या झाली, सुई कुठे अडलीच नाही. मग डोक्यात आलं की बाकीची आकाराप्रमाणे लावावीत. सगळी एकत्र ओतली आणि निवडली. त्यातल्या काही मुळांनी फार छळलं, सुई शिरेना, अंगठ्याला फोड आले. पण आता माळ्यावर येऊन बघ. मोठी, मधली, बारीक, सरळ रेषेत. दुकानात मांडल्यासारखी. काकू आल्या की बघतच राहतील.

या पुड्यात चिमणीसाठी एक मूळ पाठवतोय. खिडकीजवळच्या माळेतलं सगळ्यात देखणं. काकूंची रीत अशी की बाळाला द्यायच्या आधी कडा घासून गुळगुळीत करायच्या, दोरीने मनगटाला बांधायचं म्हणजे गिळलं जात नाही, आणि आपण समोर बसायचं. पुडा बांधायला सुतळी नव्हती, त्याच पहिल्या माळेचा जुना दोरा वापरलाय. बाकीचे भट्टीत टाकले, छान पेटले.

मांजरीला पिल्लं झालीत. पिठाच्या पोत्यावर. पाव खाणाऱ्यांना सांगितलेलं नाही.

तुझा भिंगऱ्या

---

२२ जुलै

भिंगऱ्यास आशीर्वाद,

पुडा पोचला. मूळ सुबक आहे. चिमणीला आवडलं. काकूंना सांग.

फार लिहीत नाही. दोन-तीन दिवस उन्हाचा त्रास झालाय, गार दूध तेवढं जातंय. बोलायला नको वाटतं, तर सासूबाई म्हणतात घरात कशी शांतता आहे.

चिमणीचा वरचा एक दात दिसायला लागला. तू कामात मन लावतोयस ते वाचून फार बरं वाटलं. माळा नीट लावल्यास ते छान केलंस. तिथेच राहा.

तुझी ताई

---

३० जुलै

ताई,

हे पत्र लिहायला मी इथे आहे ते तुझ्यामुळे. पिशवी भरून झाली होती. तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं असतं तर पुढचं पत्र कुठून आलं असतं देव जाणे.

काकू परत आल्या. मी त्यांना डोळे मिटायला लावून माळ्यावर नेलं आणि म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं. मग पायरीवर बसल्या. मला वाटलं चढून दम लागला. तिथूनच त्यांनी विचारलं, गाठी कुठे आहेत.

गाठी, ताई. मूळ काढून ओवलं की दोऱ्याला गाठ नसते. पहिल्या उन्हाळ्यात माळ उन्हात घातली की एक. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी. तिसरी गाठ पडली की मूळ पिकलं, बाळाच्या तोंडात द्यायच्या लायक झालं. माळा कशाही टांगा, कुठेही टांगा, टोकाची गाठ मोजली की झालं. मी ते सगळं कापून, जाळून, तीन वर्षांची मुळं बटणांसारखी निवडून ठेवली.

मी म्हटलं, वासावरून ओळखू, चवीवरून ओळखू. तेव्हा कळलं की काकूंना एका मोठ्या तापानंतर वासही येत नाही आणि चवही लागत नाही. म्हणूनच तर गाठी सुरू केल्या. काकांचं नाक तपकिरीने कधीच निकामी केलंय. राहिलो मी. मी अधाशासारखं प्रत्येक नव्या माळेतलं एकेक चाटत गेलो. ही आग लगेच होत नाही, दबकत येते. तिसऱ्या मुळापर्यंत माझ्या जिभेला साखर दिली असती तरी भाजली असती. खिडकीजवळची शेवटी चाटली, पण तोवर जीभ माझी राहिलीच नव्हती.

काकूंनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या फक्त म्हणाल्या की यंदा कुणालाच मूळ देता येणार नाही, आणि टपालमामांना कसं सांगायचं. मामांची लेक नऊ तारखेला बाळाला घेऊन माहेरी येतेय, पहिलंच नातवंड, दात येतायत, आणि मामांनी वर्षभर आधी सांगून ठेवलं होतं. त्या मामांच्या हातूनच मी तुला पुडा पाठवला, ताई. चिमणीच्या तोंडात मी काय दिलं या विचाराने रात्र काढली. सकाळी पिशवी भरली. तार करायची आणि तिथूनच पुढे जायचं, असं ठरवलं होतं.

आणि मामा तुझं पत्र घेऊन आले. चिमणीला आवडलं. मी ते भट्टीसमोर मोठ्याने वाचलं. काकूंनी परत वाचायला लावलं. म्हणजे खिडकीजवळची माळ पिकलेली आहे. ती मी आधी ओवली, तिच्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. एक माळ तरी वाचली. काकूंनी त्यातलं एक चांगलंसं मूळ काढून मामांना दिलं. मामांनी ते पत्रांच्या पिशवीत न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवलं, कारण पिशवीतलं सगळं दुसऱ्यांचं असतं, म्हणाले. कडा घासून घ्यायच्यात, पण सुतार गावाला गेलाय. तो आला की झालं.

पिशवी रिकामी केली. बाकी मुळांचं काय करायचं ते काकू ठरवतील. तुला उन्हाचा त्रास कशाने झाला? सावलीत बसत जा.

तुझा भिंगऱ्या

---

४ ऑगस्ट

भिंगऱ्या,

हे पत्र हातात पडल्याबरोबर, बाकीचं वाचायच्या आधी, टपालमामांकडे पळ आणि ते मूळ परत घे. बाळाला देऊ देऊ नकोस. तुला हे वाचायला उशीर झाला तर म्हणून पाकिटावर पत्त्याच्या वर लाल खडूने मामांसाठीही तेच लिहिलंय. तत्त्वाचा माणूस असला तरी स्वतःचा उल्लेख वाचेल अशी आशा करते.

पळालास? आता वाच.

चिमणीने ते मूळ तोंडात घेतलंच नाही. मी घेतलं. पुडा उघडला, कडा घासल्या, मनगटाला बांधायला दोरीही घेतली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आधी तू चाव. भाऊ तुझा आहे." मी चावलं, चांगलं चघळलं. आधी काही नाही. मी त्यांच्याकडे बघून हसलेही. मग जी आग सुरू झाली ती सांगता येत नाही, कारण जीभच सुजली. दोन दिवस मी खुणांनी बोलत होते. गिऱ्हाइकांची मापं पाटीवर लिहून विचारली. सासूबाईंनी तेवढ्यात शेजारणीला सांगून टाकलं की आमची सून एकदम गुणाची झालीय. भावोजी दवाखान्यात घेऊन गेले, बाईंनी चूळ भरायला औषध दिलं आणि विचारलं, तुम्हाला मी ओला फडका सांगितला होता ना. आता बरी आहे.

तुला खरं का लिहिलं नाही ते सांगते. तुझं नऊ जुलैचं पत्र मी तीनदा वाचलं होतं. तू माळा ओवल्यास, अंगठ्याला फोड आले आणि तू ते सोडून पळाला नाहीस. असं पत्र तुझं पहिल्यांदाच आलं. मला वाटलं, एका मुळाने काय होतंय, मी कळवलं की हा लाजेने निघून जाईल. माझ्या घरात मूळ उकिरड्यावर गेलं, संपलं. ते दुसऱ्या कुणाच्या खिशात जाईल हे डोक्यातच आलं नाही. तुला सांभाळायला म्हणून मी दोन शब्द लिहिले आणि त्यावर तुम्ही एका बाळाच्या तोंडात काय जायचं ते ठरवलंत.

आता दोऱ्याचं. काकूंना तू सांगितलंस की सगळे दोरे जळाले. माझ्या पुड्याचा दोरा विसरलास. शिवणाऱ्या बाईच्या घरात आलेला धागा बाहेर जात नाही, तो मी रिळावर गुंडाळून ठेवला होता. आत्ता काढला. तुझी पुडा बांधायची गाठ सुटली, ती नेहमीसारखी बैलाला बांधावं तशी. तिच्यामागे टोकाला एक जुनी गाठ आहे. एकच. मळलेली, घट्ट. खिडकीजवळची माळ कच्ची आहे.

आणि बाकीची ओळखता येतील असं मला वाटतं. ओलं कापड सुकलं की आखडतं आणि त्याबरोबर काजही आखडतं. बटण काल सहज गेलं असेल, आज अडतं. मुळाचं भोक ओलं असताना पडलं. जितके उन्हाळे गेले तितकं ते आवळलं असणार. तूच लिहिलंयस, पहिल्या माळेत सुई अडलीच नाही, आणि पुढे काहींनी अंगठ्याला फोड आणले. भिंगऱ्या, तुला छळणारी मुळं शोध. ती पिकलेली. काकूंसमोर बसून एकेकातून तीच सुई घाल. ज्याच्याबद्दल शंका येईल ते बाजूला ठेव, आणि चाखायचं तर दिवसाला एक, सगळी नाहीत.

रागावलास तर रागाव. पण पिशवी भरायच्या आधी उत्तर लिही.

तुझी ताई

---

१२ ऑगस्ट

ताई,

मी पळालो नाही. पळायची वेळच आली नाही.

दहा तारखेला मी ट्रे धूत होतो. मामा रोज सायकलची घंटी वाजवत येतात, त्या दिवशी सायकल हातात धरून चालत आले. आत आले आणि काउंटरवर आधी खिशातलं मूळ ठेवलं, त्याच्याशेजारी तुझं पाकीट. लेक आदल्या दिवशीच आली होती. सुतार त्या दिवशी सकाळी परतणार होता, मामा टपाल वाटून त्याच्याकडेच जायचे होते, मूळ खिशात होतंच. नेहमीच्या सवयीने त्यांनी पाकीट पत्त्यापुरतं बघितलं आणि लाल अक्षरात "टपालमामांनी वाचावं" दिसलं. ते म्हणाले की रस्त्यातच सायकल थांबवली आणि बराच वेळ पुढची ओळ वाचायची हिंमत होईना, कारण वाचायची सवय नाही.

मग ते काकूंना म्हणाले, "सगळी नोकरी दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात गेली. मला आलेलं हे पहिलंच."

पाकीट त्यांनी मागून घेतलं. आतलं पत्र माझं, वरचं त्यांचं. रीतसर विचारून, जपून कापून, वरचा कागद घडी करून खिशात ठेवला, जिथे मूळ होतं तिथे. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी पाव मागितला. नातवंड ओला फडका चावतंय आणि खूश आहे. मामा तेवढे नाराज आहेत, कारण फडका कुणीही देऊ शकतं.

तुझ्यावर रागावलो होतो. अर्धा दिवस. मग काकूंनी विचारलं, तुझ्या बहिणीने खोटं का लिहिलं. मी तुझं कारण वाचून दाखवलं. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी माळ्यावर खाट चढवली. आतापर्यंत मी पोत्यांवर झोपत होतो. खाट जिन्यात अडकली, काका खालून ढकलत होते आणि म्हणत होते, आता हा गेला तर खाट उतरवायला परत यावं लागेल. माझ्या लक्षात आलं की तुम्ही दोघी एकमेकींना न भेटता एकच काम करताय. फक्त काकूंनी खाट वापरली.

सुईचं तुझं खरं निघालं. काकू आणि मी दाराशी बसून एकेक मूळ तपासलं. काकूंना चव नाही, वास नाही, पण बोटं अशी आहेत की सुई किती अडते ते त्या डोळे मिटून सांगतात. सहज गेली ते एका टोपलीत, जी हट्टाला पेटली ती दुसऱ्या. हट्टी टोपलीतलं एक मी चाखलं. एकच. वाट बघत बसलो, मांजरीची पिल्लं अंगावर खेळवत. आग आली नाही. उलट थोड्या वेळाने घशातून वर एक वास आला, कुणी फुलं घेऊन मागून गेल्यासारखा, आणि मी वळून बघितलं. काकू विचारत होत्या, काय, काय? मी त्यांना तो वास सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, बरोबर, असाच होता. त्यांना किती वर्षांनी तो आठवला असेल कुणास ठाऊक, मी विचारलं नाही. बघ, मी एक प्रश्न विचारला नाही.

मधल्या मुळांचं नक्की कळत नाही. त्यांची तिसरी टोपली. काकू म्हणतात, ती आणखी टांगू. कच्च्याला थांबणं एवढंच औषध, आणि ते पिकलेल्याला बाधत नाही. हट्टी टोपलीतलं मामांना दिलं नाही अजून. काकूंनी सांगितलं, पुढचा आठवडाभर मी रोज एक चाखायचं, मग बघू. माझी जीभ आता बेकरीच्या कामाला आहे.

काल दलदलीत उतरलो. फुलं कधीच झडलीत, पानं कडेने पिवळी पडतायत, हीच मुळं काढायची वेळ. गुडघाभर चिखल, जळवा, आणि मागून काकू सांगतायत की अर्धंच मूळ कापायचं, डोळा असलेला तुकडा परत रोवायचा. मी स्वतः काढली, सोलली, ओवली. हातांना खाज सुटलीय. ही माझी माळ. हिच्या दोऱ्याला अजून गाठ नाही.

तुझ्याकडचा तो जुना दोरा परत पाठव. काकूंना हवाय.

तुझा भाऊ

---

२ सप्टेंबर, तीन वर्षांनंतर

भिंगऱ्यास अनेक आशीर्वाद,

आता तुला भिंगऱ्या म्हणायचं की नाही यावर घरात चर्चा झाली. भावोजी म्हणाले, नाव तेच राहू दे, भिंगरी एका जागीही फिरते.

पुडा आला. या खेपेला मी मूळ बघायच्या आधी दोरा बघितला. बैलाची गाठ सोडली. मग टोकाच्या तीन मोजल्या. पहिली वेडीवाकडी आहे, दुसरी बरी, तिसरी अगदी काकूंच्या हातची वाटावी अशी. तुझीच आहे ना? विचारते एवढंच.

चिमणीला दात येऊन, पूर्ण बत्तिशी नसली तरी भांडायला पुरतील इतके झाले. ती म्हणाली, मामाने काठी पाठवली. तेव्हा ज्याच्यासाठी हे सुरू झालं ते काम कधीच संपलं. पण आमच्या घरात दुसरं एक दात नसलेलं माणूस आहे. सासूबाईंचे ते पुढचे चारही गेले. त्या हात पुढे करून म्हणाल्या, "आण इकडे. मला हिरड्यांनी चघळायला होईल." मी कडा घासून दिल्या. त्यांनी मूळ तोंडापर्यंत नेलं, थांबल्या, आणि माझ्यापुढे धरलं.

"आधी तू."

मी चावलं. चांगलं चघळलं. मशीन थांबवली. मग आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो, माझी जीभ काय म्हणते त्याची वाट बघत. चिमणी मध्येच येऊन विचारत होती, काय झालं, आणि आम्ही तिला हातानेच गप्प करत होतो.

या वेळी खरं तेच लिहिते. गोड नाही रे. पण भाजत नाही.

तुझी ताई